ऑइल टाकीचा रंग काढायच्या आधी तिचं पोट धुवा

मिरजेहून एका तरुणानं विचारलंय. त्याच्या आजोबांची बीएसए एम २० ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ब्रिटिश मोटरसायकल पंधरा-वीस वर्षं घरामागच्या खोलीत उभी होती. ती आता बाहेर काढली आहे. इंजिन पूर्ण उघडून नवीन बिग एंड (पिस्टनच्या दांड्याचं खालचं, क्रँकवर फिरणारं बेअरिंग) बसवून झालंय, राहिलंय पत्र्याचं काम. पेंटर म्हणतो, मडगार्ड, पेट्रोल टाकी, ऑइल टाकी, टूलबॉक्स सगळं एकदमच सँडब्लास्टिंगला (वाळूचा मारा करून जुना रंग उडवायला) देऊ आणि पावडर कोटिंग (रंगाची भुकटी मारून भट्टीत भाजणं) करून घेऊ. ऑइल टाकीच्या तळाला मात्र डांबरासारखा काळा थर बसलाय. त्याचे प्रश्न असे: हा थर कसा काढायचा, बाहेरचा जुना रंग कसा उतरवायचा, आणि ब्लास्टिंग चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथं चूक झाली की बाकीचं सगळं वाया जातं. ऑइल टाकी ब्लास्टिंगला देऊ नका. मडगार्ड द्या, टूलबॉक्स द्या. ही टाकी मात्र त्या ढिगातून आजच बाजूला काढून घरी आणा.

पेंटरचा यात दोष नाही. आपल्याकडचे बहुतेक मेकॅनिक आणि पेंटर बुलेट, येझदी, राजदूत यांच्यावर शिकले. बुलेटचं ऑइल इंजिनाच्या केसिंगमध्येच असतं. येझदी आणि राजदूतला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. वेगळी ऑइल टाकी त्यांनी फारशी पाहिलेलीच नसते, त्यामुळं सीटखाली उजव्या बाजूला लटकणारी ही पेटी त्यांना टूलबॉक्सची बहीण वाटते. प्रत्यक्षात ती इंजिनाचाच भाग आहे. एम २० ड्राय संप आहे. टाकीतलं ऑइल नळीतून खाली येतं, गिअर पंपाची एक जोडी ते क्रँकमधून थेट बिग एंडच्या रोलरपर्यंत ढकलते आणि पंपाची दुसरी, रुंद जोडी खाली साचलेलं ऑइल उचलून परत टाकीत टाकते. म्हणजे टाकीच्या तळाशी जे असेल, ते पुढच्या काही मिनिटांत तुमच्या नव्या बिग एंडमध्ये असेल. वाटेत एक तारेची जाळी आहे खरी, पण ती खडा अडवते, बारीक भुकटी अडवत नाही.

हे मला एका गाडीनं शिकवलं. तीसेक वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका गिऱ्हाइकाची एम २० मी पूर्ण केली होती. ऑइल टाकीची तोंडं कापडाचे बोळे घालून बंद केली आणि टाकी ब्लास्टिंगला दिली. परत आल्यावर दोनदा धुतली, हवा मारली, आत बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. स्वच्छ दिसली. तीनशे किलोमीटरच्या आतच इंजिनातून ठोका यायला लागला. उघडून बघतो तर रोलर राखाडी पडलेले, क्रँकपिनवर आडव्या रेघा. टाकी मुद्दाम कापून पाहिली. आतल्या जोडाच्या फटीत आणि परतीच्या नळीमागच्या कोपऱ्यात मिळून चमचाभर वाळू निघाली. थंड असताना ती जुन्या चिकट्याला धरून बसली होती आणि गरम ऑइल फिरायला लागल्यावर सुटली. ते इंजिन मी माझ्या खर्चानं परत बांधून दिलं. तेव्हापासून माझ्याकडं एकही ऑइल टाकी ब्लास्टिंगला गेलेली नाही. काचेच्या मण्यांनी करतो, सोड्यानं करतो असंही लोक सांगतात. मणी फुटून त्यांची भुकटीच होते. माझं उत्तर तेच राहतं. अपवाद एकच: टाकी इतकी सडलेली असेल की एक बाजू कापून नवा पत्रा जोडायचाच आहे, तर ती उघडी असताना ब्लास्ट करून, धुऊन, मग बंद करा.

पावडर कोटिंगलाही नाही म्हणण्याचं कारण निराळं आहे. ती भट्टी साधारण १८० ते २०० अंशांना चालते. ऐंशी वर्षांच्या टाकीला कधी ना कधी कुणीतरी कथलाचा डाग दिलेला असतोच, आणि नेहमीचा कथील-शिशाचा डाग १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतो. टाकी भट्टीतून सुंदर रंगून बाहेर येते आणि ऑइल भरलं की गळते. शिवाय जोडात मुरलेलं जुनं ऑइल त्या उष्णतेत बाहेर पाझरतं आणि नेमकं तिथंच कोटिंग धरत नाही.

आता मूळ कामाकडं. लोक आधी बाहेरून खरवडायला लागतात आणि शेवटी आत हात घालतात. मी उलट सांगतो. आधी आतून धुवायचं, मग गळती तपासायची, डाग द्यायचा असेल तर तो द्यायचा, त्यानंतर बाहेरचा रंग काढायचा आणि रंगवायच्या आधी पुन्हा एकदा आतून धुवायचं. कारण साधं आहे. आत ऑइल असेल तर ते जोडातून झिरपत राहतं, बाहेरच्या प्राइमरखाली शिरतं आणि सहा महिन्यांत रंगाला फोड येतात.

आतला थर म्हणजे काय ते आधी समजून घ्या. त्या काळच्या ऑइलमध्ये घाण तरंगती ठेवणारी द्रव्यं नसत. काजळी, धातूची भुकटी, पाणी सगळं हळूहळू टाकीच्या तळाशी बसायचं आणि बसून राहायचं, ते अपेक्षितच होतं. आजच्या ऑइलमध्ये डिटर्जंट असतं. ते हा थर सोडवतं आणि पंपाकडं पाठवतं. म्हणून "इतकी वर्षं तळाला होतं, राहू दे" हे जुन्या ऑइलवर एक वेळ चाललं असतं, नव्या इंजिनात आणि नव्या ऑइलवर चालणार नाही.

टाकी उतरवण्याआधी नळ्यांचे फोटो काढा. कोणती नळी पंपाकडं जाते आणि कोणती परतीची, हे महिन्याभरानं आठवत नाही. तळाचा ड्रेन प्लग आणि जाळीचं फिटिंग सोडवताना नेमक्या मापाचा पाना वापरा. या गाडीचे आटे ब्रिटिश आहेत. एखादा प्लग हरवला म्हणून जवळच्या मापाचा मेट्रिक बोल्ट रेटून बसवलात तर टाकीचा आटा गेला. जाळी निघाली की पांढऱ्या ताटलीत झटका आणि नीट बघा. काळा चिकटा असणारच. चकचकीत कण दिसले तर ते जुन्या बिग एंडचे आहेत, आणि म्हणजे ते टाकीतही आहेत.

भिजवायला रॉकेल उत्तम, पण हल्ली ते मिळणं मुश्कील. डिझेल चालतं. पेट्रोल वापरू नका. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते आणि टाकीत साखळी खुळखुळवताना एक ठिणगी पुरते. रॉकेल-डिझेलही अगदी निर्धोक समजू नका. एप्रिल-मेच्या उन्हात टाकी ठेवली तर पत्रा चाळीसच्या पुढं तापतो आणि तिथं रॉकेलची वाफही पेट घेण्याजोगी होते. सावलीत, उघड्यावर, आगीपासून लांब काम करा.

टाकी अर्धी भरा, तोंडं बंद करा आणि रोज कूस बदला: आज तळावर, उद्या पाठीवर, परवा उजव्या अंगावर. किती दिवस, हे थरावर अवलंबून आहे. थर मऊ असेल तर दोन दिवसांत सुटतो. गाडी वीस वर्षं उभी असेल तर आठवडा धरा. भिजल्यावर आत कुत्र्याची बारीक साखळी सोडा, तिचं एक टोक तारेला बांधून बाहेर ठेवा आणि टाकी हलवा. काही जण नट-बोल्ट किंवा खडी घालतात. खडी कधीच घालू नका, तिची भुकटी होते. नट घालायचेच असतील तर मोजून घाला आणि मोजून काढा. साखळी बरी, कारण ती अखंड असते आणि ओढली की बाहेर येते.

आता या सगळ्या कामातली सर्वात महत्त्वाची सवय. टाकीतून बाहेर येणारं डिझेल दर वेळी धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडातून गाळा. जुन्या धोतराचा तुकडा सगळ्यात छान. कापडावर काय राहिलं ते उन्हात बघा आणि चिमटीत चोळा. चिकट काळं असेल तर थर अजून सुटतोय. खरखरीत लागलं तर वाळू किंवा गंज आहे. ताजं डिझेल घालून पुन्हा हलवा, पुन्हा गाळा. लागोपाठ तीन वेळा कापड कोरं निघेपर्यंत थांबायचं नाही. एखाद्या टाकीला हे पाच वेळांत होतं. एका टाकीला मला एकवीस वेळा करावं लागलं होतं. नुसतं टॉर्च मारून आत बघण्यावर विसंबू नका, कोपरे दिसत नाहीत. मोबाइलला जोडायचा वायरवाला छोटा कॅमेरा मिळतो, तो जरूर घ्या, पण शेवटचा शब्द कापडाचा.

गाळलेलं काळं डिझेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. डब्यात साठवून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याला द्या.

डिझेलनंतर धुण्याचा सोडा. लिटरभर कढत पाण्याला साधारण शंभर ग्रॅम. हातमोजे आणि चष्मा लावून टाकी भरा, तासभर ठेवा, हलवून ओता. तेलकटपणा यानं जातो. मग साध्या पाण्यानं भरपूर खळखळून धुवा. सोडा उरला तर पुढं ऑइलला फेस येतो, म्हणून शेवटचं पाणी तपासा. त्यात चिमूटभर हळद टाका. पाणी पिवळंच राहिलं तर ठीक, तांबूस झालं तर सोडा अजून शिल्लक आहे. हळदीला चुना लावून कुंकू करतात ना, तीच गोष्ट.

आत गंज आहे का, हे आता कळेल. ऑइल ज्या पातळीपर्यंत होतं तिथपर्यंत पत्रा सहसा शाबूत असतो. गंज धरतो वरच्या रिकाम्या भागात, आणि तळाला जिथं ऑइलखाली पाणी साचलं होतं तिथं. हलका गंज असेल तर लिंबूसत्व लिटरला पन्नास ग्रॅम घालून कोमट पाण्यात काही तास ठेवा. आधी तेल निघालेलं असलं पाहिजे, नाहीतर ते पत्र्यापर्यंत पोचतच नाही. मग पुन्हा थोडा सोडा, पुन्हा पाणी, पुन्हा हळद. फरशी धुवायचं ॲसिड मात्र घालू नका. ते गंजाबरोबर पत्राही खातं, जोडात शिरून बसतं, आणि धुतल्यावर दहा मिनिटांत टाकी परत तांबडी होते.

पेट्रोल टाकीत आतून लावायचं कोटिंग इथं लावू का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण दुकानदार तुमच्या गळ्यात ते नक्की मारील. लावू नका. पेट्रोल टाकीत पापुद्रा सुटला तर गाडी बंद पडते. ऑइल टाकीत सुटला तर तो जाळीवर बसतो, ऑइल अडतं आणि गाडी चालूच राहते. इंजिन वाचवणारं काहीच उरत नाही. ऑइल टाकीला आतून गंजापासून वाचवायला ऑइल पुरतं.

धुऊन झाल्यावर लगेच वाळवा, व्हॅक्यूम क्लीनरच्या उलट्या हवेनं किंवा हेअर ड्रायरनं. लगेच म्हणजे त्याच तासात. पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभरही थांबत नाही.

मग गळती. सगळी तोंडं रबरी बुचांनी बंद करा, एका बुचातून सायकलच्या पंपानं अगदी हलकी हवा भरा, दोन पीएसआयच्या वर नाही, आणि टाकी पाण्यात बुडवा. या टाकीच्या बाजू सपाट आहेत, जास्त हवा भरली तर फुगतात आणि परत बसत नाहीत. अगदी बारीक झिरप शोधायला जुनी पद्धत आहे: जोडांवर बाहेरून खडूची पेस्ट लावून वाळवायची, आत रॉकेल किंवा डिझेल भरायचं आणि रात्रभर ठेवायचं. जिथं झिरप असेल तिथं खडूवर ओला डाग उमटतो. बाहेर रंगाचे थर असतील तर ते भोक झाकतात, म्हणून रंग काढून झाल्यावर ही चाचणी पुन्हा एकदा करा.

गळती निघालीच तर जोडणाऱ्याकडं टाकी नेताना तिच्यात ऑइल होतं आणि नंतर डिझेल होतं, हे त्याला स्वतःच्या तोंडानं सांगा. रिकाम्या टाकीला गॅसची ज्योत लावून माणसं जायबंदी झाली आहेत. चाचणीनंतर सोड्याच्या कढत पाण्यानं पुन्हा धुऊन, जोडायची जागा तेवढी वर ठेवून टाकी पाण्यानं भरा आणि मगच काम करू द्या. छोट्या भोकाला कथलाचा डाग पुरतो. बसवायच्या पट्टीला चीर गेली असेल तर तिथं सतत थरथर असते, डाग टिकणार नाही, पितळी वेल्डिंगच हवं.

आता बाहेरचा रंग. पण थांबा, काढण्याआधी एक काम करा. तुम्ही लिहिलंय की आजोबांनी टाकी काळी केली होती आणि एका कोपऱ्यात खाली हिरवट दिसतं. न दिसणाऱ्या मागच्या बाजूला ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी घेत घेत रुपयाएवढी जागा गोल घासा. झाडाच्या खोडासारख्या कडा दिसतील, प्रत्येक रंगाची एक. या गाड्या बर्मिंगहॅमला बनल्या. युद्धकाळात साधारण सव्वा लाख एम २० बाहेर पडल्या, आणि ब्रिटिश लष्कराचा गाड्यांचा रंग सुरुवातीला खाकी हिरवा, १९४२पासून तपकिरी आणि १९४४पासून ऑलिव्ह असा बदलत गेला. इथं आल्यावर त्यावर आणखी हात मारले गेले. तुमच्या टाकीवर यातलं काय निघतं ते बघा, उन्हात फोटो काढा आणि मग ठरवा. एकदा पेंट रिमूव्हर लागला की हा पुरावा परत मिळत नाही. मी असतो तर आजोबांचा काळा ठेवला असता, पण ती गाडी तुमच्या घरची आहे, निर्णयही तुमचाच.

रंग काढायच्या आधी सगळी तोंडं घट्ट बंद करा. कापडाचे बोळे नकोत. मूळ प्लग आणि नळीच्या तोंडांना रबरी बुचं. जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून कोरडं घासू नका, धूळ उडता कामा नये. पेंट रिमूव्हर ब्रशनं जाड थरात लावा, वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा म्हणजे तो सुकत नाही, आणि वीस मिनिटांनी प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी पट्टीनं ओढा. जुना एनॅमल सुरकुतून एकदम उचलतो. अलीकडं कुणी टू-के पीयू (दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारलेला असेल तर दोन-तीन वेळा लावावा लागेल. हे काम उघड्यावरच करा. काही रिमूव्हरमध्ये मिथिलिन क्लोराइड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खोलीत खाली साचते आणि माणसाला गुंगी आणते. साधे हातमोजे त्यात विरघळतात, जाड रासायनिक मोजे घ्या.

कॉस्टिकच्या कढईत टाकी बुडवणारेही आहेत. जुना रंग त्यानं झकास निघतो, पण कॉस्टिक कथलाच्या डागांना खातं, ॲल्युमिनियमचं काही राहिलं असेल तर तेही खातं, आणि डोळ्यात थेंब गेला तर डोळा जातो. घरी करण्यासारखं ते काम नाही.

रिमूव्हरनंतर उरलेलं कोपऱ्यातलं वायर ब्रशनं आणि ओल्या वॉटर पेपरनं काढा. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावू नका. हा पत्रा मुळात पातळ आहे आणि गंजाच्या खड्ड्यांच्या जागी तर आणखी पातळ. खड्डे घासून सपाट करायचे नसतात. फॉस्फोरिक ॲसिडचं गंजनाशक लावून, पुसून, इपॉक्सी प्राइमर मारा, वर लांबी भरा. लांबी थेट उघड्या पत्र्यावर भरली की ती ओलावा धरते. पोचे असतील तर टिंकरला सांगा, पण बाहेरून दांडी डागून ओढायची असेल तर ते डाग देण्याच्या टप्प्यातच उरकून घ्या, आणि त्यानंतर गळतीची चाचणी परत.

रंग टू-के पीयू घ्या. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट दिसायला जुन्या काळचा वाटतो, पण या टाकीवर गरम ऑइल सांडणारच, आणि पीयू ते जास्त वर्षं सोसतो. वॉशर बसतात त्या कडा आणि आटे टेप लावून कोरे ठेवा. रंगावर बसलेला वॉशर आवळला की रंग चिरडतो आणि तिथूनच ऑइल झिरपतं. जुलै-ऑगस्टमध्ये रंगवू नका. मिरजेची हवा कोकणापेक्षा बरी, तरी दसऱ्यापर्यंत थांबणं चांगलं.

रंग पक्का झाल्यावर बुचं काढा आणि शेवटचं धुणं. आता डिझेल नको, अर्धा लिटर पातळ इंजिन ऑइल घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा आणि ते पुन्हा पांढऱ्या कापडातून गाळा. बुच काढताना पडलेला रंगाचा एक पापुद्रा तरी या वेळी कापडावर मिळतोच, मला दर वेळी मिळालाय. नळ्याही विसरू नका. जुन्या रबरी जोडांचे आतून तुकडे पडतात, ते नवीनच टाका. जाळी नीट धुऊन बसवा, तांब्याचे वॉशर तापवून मऊ करा किंवा नवे घ्या.

टाकी बसवून ऑइल भरलं की पंपाकडं जाणारी नळी पंपापाशी ढिली करून ऑइल थेंब थेंब यायला लागेपर्यंत थांबा, मग आवळा. त्यात हवा अडकली तर पंप रिकामाच फिरतो. पहिल्यांदा सुरू करताना टाकीचं झाकण उघडं ठेवा आणि परतीच्या नळीच्या तोंडाकडं बघत राहा. थोड्याच वेळात तिथून ऑइल पिचकारत यायला हवं, सुरुवातीला बुडबुड्यांसकट. मिनिटभरात आलं नाही तर इंजिन बंद करा आणि नळी पुन्हा तपासा. आलं तर दीडशे किलोमीटर हळू चालवा, ऑइल गरम असताना काढा, आणि तेही त्याच धोतराच्या तुकड्यातून गाळून बघा.